मिठाने खाल्लेली चेन

आमच्या गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात सायकलच्या चार झिजलेल्या चेन आहेत, दाते टोकदार होऊन निकामी झालेलं मागच्या चाकाचं एक फ्रीव्हील आहे आणि ब्रेकची रबरं आहेत, काही तर नखाएवढी उरलेली. नवरा दर वसंतात गॅरेज आवरायला काढतो, डबा हातात घेतो आणि विचारतो, "हे भंगार टाकू का?" मी डबा त्याच्या हातून काढून घेते आणि परत फळीवर ठेवते. या गोष्टीवरून आमचं भांडण होत नाही, कारण त्या डब्यात काय आहे ते त्यालाही माहीत आहे.

मी अकोल्याची. शाळेत सायकलने गेले, कॉलेजात सायकलने गेले आणि लग्नाआधी दोन वर्षं एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची नोकरी केली तीही सायकलनेच. लग्न करून इथे अमेरिकेत, श्रूजबरीला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. कागदोपत्री मी 'अवलंबून' होते, म्हणजे मला काम करायची परवानगी नव्हती. अशी दहा वर्षं गेली. मुलगी झाली, तिला वाढवलं, घर सजवलं, प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायच्या पॉटलकला डझनावारी पुरणपोळ्या केल्या, आणि कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की मी विषय बदलायचे. शेवटी परवानगी आली. गावाशेजारच्या तळ्यापलीकडे वुस्टर शहरात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली तेव्हा मी बाथरूमचं दार लावून रडले. शिफ्ट सकाळी साडेसहाची होती, आणि पहिले सहा महिने प्रोबेशन.

आता कुणीही विचारेल, की मग गाडीने का नाही जायचं? मला गाडी चालवता येत नाही. येत होती. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी हायवेला लागताना एका ट्रकने आमच्या गाडीला बाजूने घासत नेलं. चालवत मी होते, मागच्या सीटवर चार महिन्यांची मुलगी होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही, तो आजपर्यंत. नवऱ्याचं ऑफिस उलट्या दिशेला, मुलीला शाळेत सोडायचं कामही त्याचं, आणि त्या वेळी बस नाही. कुणाच्या गाडीत रोज लिफ्ट मागायची मला चीड होती. दहा वर्षं दुसऱ्याच्या गाडीतून फिरले होते, तेवढं पुरे झालं. म्हणून मी एक सेकंडहँड सायकल घेतली आणि जाहीर केलं की मी माझी जाणार, माझी येणार.

"अगं यार, इथे विंटर असतो," नवरा म्हणाला. "कॅब कर ना."

"विंटर मीही बघितलाय दहा वर्षं," मी म्हणाले. खिडकीतून बघितला होता, ते मी सांगितलं नाही.

ऑक्टोबर, नोव्हेंबर छान गेले. डिसेंबरात बर्फ पडायच्या आदल्या दिवशीच पिवळ्या दिव्यांचे ट्रक बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मिठाचं पाणी फवारून गेले, आणि बर्फ पडल्यावर वरून जाडं मीठ. जेवणात मीठ कमी खा म्हणून बजावणारा देश रस्त्यावर मात्र पोती रिकामी करतो. संध्याकाळी घरी आले की सायकलच्या सगळ्या अंगावर पांढरी पूड वाळलेली असायची. मी बोट लावून चाखून पाहिलं, खारट लागलं. तिसऱ्या दिवशी चेन लालसर दिसायला लागली आणि पॅडल मारताना आतून कुणीतरी दात खातंय असा आवाज येऊ लागला.

मग मी जे केलं ते मराठी घरात वाढलेल्या बाईलाच सुचू शकतं. मी सायकलला अभ्यंगस्नान घातलं. बादलीभर कढत पाणी, भांड्यांचा साबण, घासणी, आणि अगदी तव्याला लावतात तेवढा जोर. सायकल लखलखली. मग कपाटातून खोबरेल काढलं. आमच्याकडे कुरकुरणारं दार असो, अडकलेलं कुलूप असो की दुखणारं डोकं असो, औषध एकच. तेल गोठलेलं होतं म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलं आणि चेनवर, फ्रीव्हीलमध्ये, ब्रेकच्या तारांवर, जिथे म्हणून भोक दिसलं तिथे ओतलं. अकोल्याच्या थंडीत खोबरेलची बाटली उन्हात ठेवून पातळ करणारी मी, आणि मला एवढंही कळू नये की गरम केलेलं तेल उणे बारा अंशांच्या गॅरेजमध्ये सकाळपर्यंत काय होऊन बसेल. पण त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होते.

सकाळी पावणेसहाला गॅरेज उघडलं. बसले, पॅडल मारलं, पॅडल गरकन फिरलं आणि सायकल जागची हलली नाही. आतलं तेल मेणासारखं घट्ट झालं होतं आणि फ्रीव्हील पकडच घेईना. मी ती ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली, थोडी चालेल, थोडी सुटेल या आशेने. कोपऱ्यावरच्या घरापुढे एक म्हातारा गृहस्थ पायजम्यावर कोट घालून बर्फ उपसत होता. वर्षानुवर्षं मी त्याला हात हलवून 'हाय' म्हणत आले होते, त्यापलीकडे ओळख नव्हती. तो फावडं ठेवून आला, पॅडल हाताने फिरवलं, खाली वाकून वास घेतला आणि गंभीरपणे विचारलं, "यात केक भाजला होतास का?"

मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं. त्यांनी दारापुढचा उरलेला बर्फ उपसून गाडी काढली आणि मला कामावर सोडलं. तरी मला पंचवीस मिनिटं उशीर झाला. सुपरवायझर बाई चांगली होती, पण तिनेही स्पष्ट सांगितलं, की सकाळचे नमुने थांबू शकत नाहीत, प्रोबेशनमध्ये असं पुन्हा झालं तर तिला मला ठेवता येणार नाही. घरी नवऱ्यानेही तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं: पुन्हा सायकल बंद पडली तर हा हट्ट सोडायचा. मी मान हलवली. दहा वर्षांनी हाताला लागलेली गोष्ट एका चेनमुळे निसटणार होती, आणि तो विचार करून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सायकल त्या गृहस्थांच्या गॅरेजमध्येच राहिली होती. संध्याकाळी आणायला गेले. मी त्यांना पुढे काका म्हणायला लागले, म्हणून इथेही काकाच म्हणते. त्याचा अर्थ त्यांनी विचारल्यावर मी सांगितलं, "वडिलांचा भाऊ," तेव्हा ते म्हणाले, "बढती आहे ही माझ्यासाठी." काकांनी चाळीस वर्षं वुस्टरच्या तारेच्या कारखान्यात मशीनवर काम केलं होतं. बायको गेल्यापासून घरात एकटेच. गॅरेजमध्ये भिंतीवर प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच आकाराची रेघ मारलेली, म्हणजे पाना जागेवर नसला की भिंत लगेच चुगली करणार.

त्यांनी फ्रीव्हील काढून सगळं खोबरेल धुऊन काढलं, गंजलेल्या चेनच्या जागी नवी घातली, आणि त्यानंतर सायकलला कधी हात लावला नाही. स्वतः स्टुलावर बसायचे आणि मला करायला लावायचे. मला शिकवणारी माणसं आवडत नाहीत. लग्नानंतर मला सगळ्यांनीच शिकवलं होतं, पोळी कशी लाटायची ते चेकवर सही कुठे करायची इथपर्यंत. पहिल्या दिवशी मी फणकाऱ्याने म्हणालेही, "मी अकोल्यात बारा वर्षं सायकल चालवलीय." काका म्हणाले, "चालवतेस उत्तमच. मी रोज खिडकीतून बघतो. सांभाळायची कशी, तेवढंच बघायचंय."

आंघोळ बंद, हा पहिला नियम. पाण्याने मीठ आणखी आत जातं. घरी आल्याआल्या, चहाच्याही आधी, सुक्या सुती फडक्याने चेन पुसायची. मग सायकलचं हलकं तेल, एका सांध्यावर एक थेंब, जास्त नाही. मग पॅडल मागे फिरवून पुन्हा पुसायची, अगदी तेल लावलंच नव्हतं असं वाटेपर्यंत. "तेल आत हवं," ते म्हणायचे, "बाहेरच्या तेलाला फक्त वाळू चिकटते." फडकी त्यांना सुतीच लागत, कागदी टॉवेल नाही. म्हणून मी नवऱ्याची जुनी बनियनं फाडायला घेतली, आणि जुनी संपली तेव्हा जरा कमी जुनी. एकदा त्याने कपाटात डोकं घालून विचारलं, "माझी बनियनं कुठे जातायत यार?" तेव्हा मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, दे आर अ‍ॅट काकाज प्लेस."

जानेवारीत त्यांनी एक स्टीलची पट्टी हातात दिली आणि चेन मोजायला लावली. चेन ताणून लांब होते असं आपण म्हणतो, पण खरं तर तिचा प्रत्येक सांधा आतून झिजतो आणि त्या सगळ्या झिजेची मिळून लांबी होते. वाळू आणि मीठ दोन्ही त्यात शिरून रोज थोडंथोडं खातात. वेळेवर बदलली नाही तर ती स्वतःबरोबर दातेही खाऊन टाकते. माझी नवी घातलेली चेन सहा आठवड्यांत संपली होती. मला वाईट वाटलं. काकांनी ती उचलून दिव्याखाली धरली आणि म्हणाले, "वाईट काय वाटून घेतेस? तुला रोज पोचवून झिजलीय ती." मी ती टाकली नाही. बिस्किटांच्या डब्यात ठेवली. तो डबा तेव्हापासूनचा आहे.

त्यांनी ब्रेकही शिकवले. ओल्या रस्त्यावर रबर साबणासारखं विरघळतं. रबर संपलं की धातू धातूवर घासतो, तो आवाज ओळखायचा. "आवाज आला की उतरायचं. 'अजून थोडं जाईल' हे म्हणायचं नाही. ते वाक्य मी कारखान्यात ऐकलंय, आणि म्हणणाऱ्याचं बोट मी शोधलंय." हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मी नंतर घरी जाऊन दोनदा ब्रेक तपासले.

रस्त्यात मला एकाच गोष्टीचा त्रास होता. हवा वाईट असली की हटकून एक गाडी माझ्या मागे यायची. अंतर ठेवून, हळूहळू. ओव्हरटेक करायची नाही, वळायची नाही. काळोखात मागून नुसते दोन दिवे. मी हाताने खूण करून पुढे जा म्हणायचे, ती जायची नाही. मग मी मराठीत तोंड सोडायचे. अकोल्यातल्या रिक्षावाल्यांसाठी राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या मी त्या गाडीला दिल्या. तोंडावर ओढलेल्या कानटोपीच्या आत कोणाला ऐकू जाणार होतं?

फेब्रुवारीत, प्रोबेशन संपायला तीन आठवडे असताना, पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होता अशा एका सकाळी मी तळ्याकडच्या उताराच्या तोंडाशी आले. ब्रेक दाबला आणि तो आवाज आला. बारीक, करकर. अजून थोडं जाईल, असं माझ्या मनात आलंच, अगदी त्याच शब्दांत. उतार लांब आहे, खाली सिग्नल, पुढे तळ्यावरचा पूल. उतरले असते तर उशीर, नोकरी जाणार. नसते उतरले तर काय, ते खाली सिग्नलपाशी कळलं असतं. मी उतरले. आदल्या दिवशी संध्याकाळी पाहुणे आले म्हणून सायकल न पुसता, न बघता तशीच ठेवली होती, हे तिथे उभ्याउभ्या आठवलं आणि स्वतःलाच चार शब्द सुनावले.

मग सायकल हातात धरून मी उतार धावत उतरले. रस्त्यावर पायाखालचं दिसत नव्हतं, पण ती नेहमीची गाडी मागे होतीच, आणि तिच्या उजेडात निसरड्या बर्फाचे काळे पट्टे स्पष्ट दिसत होते. मी वळून ओरडले, "जा ना मेल्या पुढे!" ती गेली नाही. उतार संपला तसा सपाट पूल मी सायकलवर बसून अगदी हळू पार केला. सहा सव्वीसला लॅबमध्ये शिरले, भिजलेली, धापा टाकत. सुपरवायझरने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कॉफीचा कप पुढे केला. तीन आठवड्यांनी माझी नोकरी पक्की झाली. ती रबरंही डब्यात आहेत.

त्यानंतरचे हिवाळे असेच गेले, दर हिवाळ्याला एक चेन. मी काकांना दर रविवारी जेवणाचा डबा द्यायचे. साधं वरण त्यांना फार आवडायचं, शेवग्याच्या शेंगा मात्र ते सालासकट चावायचे आणि मला बघवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांना मधोमध दिसेनासं झालं. त्यांनी स्वतःच लायसन्स परत केलं. इथल्या माणसाला ते किती जड जातं हे मला सांगावं लागलं नाही, दुसऱ्याच्या गाडीतून फिरणं काय असतं ते मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात ती मागची गाडीही दिसेनाशी झाली. मी मनात म्हणाले, सुटले एकदाची.

गेल्या उन्हाळ्यात काकांची मुलगी त्यांना आपल्याकडे, दूर दक्षिणेच्या उबदार कॅरी गावाला न्यायला आली. माझ्याच वयाची. सामान बांधायला मी मदतीला गेले. खोकी चिकटवता चिकटवता ती म्हणाली, "म्हणजे तो लाल दिवा तूच."

"कुठला लाल दिवा?"

"तुझ्या सायकलचा, मागचा. हवा वाईट असली की डॅड साडेपाचला उठून गाडी गरम करायचे. तुझा दिवा कोपऱ्यावरून गेला की मागोमाग निघायचे. तो पूल ओलांडून हॉस्पिटलकडे वळला की घरी येऊन मला फोन करायचे, पोचली म्हणून. मी म्हणायचे, तिला सरळ गाडीत का नाही बसवत? तर म्हणायचे, तिला आवडणार नाही."

मी टेपचा रोल खाली ठेवला. आधी राग आला, खोटं कशाला बोलू. माझी मी जाते, माझी मी येते, हे एवढं एकच तर मी या देशात स्वतःचं म्हणून कमावलं होतं. मग त्या उतारावरचा उजेड आठवला. मग मी दिलेल्या शिव्या एकेक करून आठवल्या, आणि मी रडले. काका पलीकडच्या खोलीत हत्यारं गुंडाळत होते. त्यांना मी इतकंच विचारलं, "ती गाडी तुमची होती?" ते म्हणाले, "कुठली गाडी?" आणि स्टीलची पट्टी माझ्या हातात दिली. "ही ठेव. कॅरीत मीठ पडत नाही."

जाण्याआधी मी त्यांना आमची पद्धत शिकवली. आमच्याकडे माणूस पोचलं की मिस्ड कॉल देतं. एकच रिंग, मग बंद. उचलायचा नाही, नुसतं ऐकायचं. त्यांना मेसेज वाचता येत नाही, तेव्हा हे बरंच झालं. मुलीने त्यांना मोठ्या आकड्यांचा फोन घेऊन दिला. या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला त्या सकाळपासून मी लॅबच्या दारात हेल्मेट काढायच्या आधी एक रिंग देते. घरी येते, चेन पुसते, थेंबाथेंबाने तेल लावते, पुन्हा पुसते.

मागच्या आठवड्यात लॅबमध्ये शिरल्या शिरल्या कुणीतरी घाईचे नमुने हातात दिले आणि मी रिंग द्यायची विसरले. सात वाजायला आले होते. खिशातला फोन वाजला, एकदाच, आणि बंद झाला. मी हातमोजे काढले, बाहेर गेले आणि एक रिंग दिली.